घरच्या शेडमध्ये १९६८ च्या टाटा-मर्सिडीज ट्रकला गनने रंग देणे: एनॅमल घ्यावा की पीयू?

कृष्णाकाठ, कराड तालुका

नमस्कार मंडळी. माझ्या आजोबांनी १९६८ साली घेतलेला टाटा-मर्सिडीज ट्रक आमच्या शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली कित्येक वर्षे उभा आहे. लांब नाकाचा १२१० आहे आणि समोरच्या जाळीवरचा तीन टोकांचा तारा अजून शाबूत आहे. टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचे १९५४ मध्ये सुरू झालेले सहकार्य १९६९ मध्ये संपले आणि पुढच्या गाड्यांवर ताऱ्याच्या जागी टाटांचा 'टी' आला. म्हणजे आमची गाडी ताऱ्याच्या अगदी शेवटच्या काळातली. त्या वेळी आजोबांना कंपनीची म्हणून चासी, इंजिन, बोनेट, मडगार्ड आणि काऊल (बोनेट व काच यांच्यामधला पत्रा) एवढेच मिळाले होते. मागची केबिन आणि हौदा गावाकडच्या मिस्त्रींनी लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून बांधला. या गाडीने तीस वर्षे ऊस ओढला, कोल्हापूरच्या बाजारात गुळाच्या भेल्या पोहोचवल्या आणि माझ्या दोन्ही आत्यांच्या लग्नांची वऱ्हाडेही नेली.

गेल्या वर्षी वडिलांनी इंजिन सुरू केले. आता रंगाचे काम मी स्वतः करणार आहे. दुसऱ्याकडे गाडी सोपवायची नाही, हे घरात सर्वांनी मिळून ठरवले आहे. मला भिंतीला ब्रश मारण्यापलीकडे अनुभव नाही. ट्रॅक्टरच्या टायरसाठी घेतलेला २ एचपीचा कॉम्प्रेसर आणि बाजारातून आणलेली, वर कप असलेली साधी गन एवढे साहित्य आहे. सरावासाठी टूलबॉक्सच्या झाकणावर एनॅमलचा एक हात मारून पाहिला, तर रंग बसता बसताच ठिकठिकाणी फाकला आणि मसूरच्या दाण्याएवढी गोल भगदाडे पडून त्यांतून खालचा प्रायमर दिसू लागला. ती बुजवण्यासाठी वरून आणखी रंग मारला तेव्हा झाकणाच्या खालच्या कडेला ओघळ आले.

तालुक्याच्या दुकानदारांनी सांगितले की एनॅमलचा नाद सोडा आणि हार्डनर (रंग घट्ट करणारा दुसरा भाग) मिसळायचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग मारा, चकाकी गाडीच्या शोरूमसारखी येईल. आता श्रावण चालू आहे. खंडेनवमीला दरवर्षी गाडीची पूजा होते आणि आजीचे वय नव्वदीला टेकले आहे, म्हणून या खंडेनवमीपर्यंत रंग पूर्ण व्हावा अशी माझी तीव्र इच्छा आहे. पीयू घ्यावा का, झाकणावर नेमके काय चुकले, आणि एवढ्या अवधीत काम बसेल का, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

रसायनवाली, नाशिक

दादा, मी रंगांच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे आधी रंगाच्या निवडीविषयी लिहिते. तुमच्या गाडीला घरच्या घरी पीयू मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची दोन कारणे आहेत. पहिले आरोग्याचे, त्यावर इथे माझ्यापेक्षा अधिकाराने लिहू शकणारी माणसे आहेत. दुसरे कारण तुमच्या प्रश्नातच आलेले आहे: तुमची केबिन लाकडावर ठोकलेल्या पत्र्याची आहे.

लाकूड पावसाळ्यात ओलावा घेऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्याच्यासोबत खिळे हलतात, पत्र्याचे जोड हलतात आणि हौद्याच्या फळ्यांमधल्या फटी कमीजास्त होतात. गाडीसाठी मिळणारे दोन भागांचे पीयू बहुतेक एकसंध, न हलणाऱ्या पोलादी बॉडीचा विचार करून बनवलेले असतात. त्यांचा थर कडक असतो आणि अशा जोडांवर तो केसाएवढ्या रेषेने तडकतो. त्या रेषेतून पाणी आत जाते, पत्रा आणि लाकूड यांच्या मधे साठते आणि वरचा रंग चकचकीत दिसत असतानाच पत्रा मागच्या बाजूने कुजत राहतो. सिंथेटिक एनॅमल म्हणजे तेलयुक्त अल्किड राळ. ती हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होते आणि पहिली काही वर्षे तरी थोडी लवचीक राहते. शिवाय एनॅमलवर पुढे कुठे खरचटले तर तेवढाच भाग घासून पुन्हा रंगवणे घरच्या माणसाला जमते. तुमच्या गाडीला पूर्वी जे थर बसले असतील तेही बहुधा एनॅमलचेच असतील. खात्री करायची तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवलेली चिंधी जुन्या रंगावर दोन मिनिटे धरून ठेवा. रंग विरघळून चिंधीला लागला तर तो लॅकर आहे, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट ड्युको म्हणतात तो. रंगाला सुरकुत्या पडल्या तर एनॅमल आहे, आणि काहीच झाले नाही तर हार्डनरचा रंग आहे. ही परीक्षा टाळू नका, कारण जुन्या एनॅमलवर एनसीचा थर मारला तर तीव्र थिनरमुळे खालचा रंग उचलला जातो आणि सुसरीच्या पाठीसारखा होतो.

झाकणावर पडलेली भगदाडे तेलकटपणामुळे पडली आहेत, याबद्दल मला शंका नाही. आपल्याकडचे चालक आणि क्लीनर गाडी चमकावी म्हणून वर्षानुवर्षे डिझेलच्या बोळ्याने बॉडी पुसत आले आहेत. ते डिझेल पत्र्याच्या जोडांत, खिळ्यांच्या डोक्यांखाली आणि लाकडात मुरलेले असते. टूलबॉक्समध्ये तर ग्रीसचे डबेच ठेवलेले असणार. तेलाच्या सूक्ष्म थेंबाजवळ पृष्ठताण बदलतो आणि ओला रंग तिथून मागे सरतो. वरून कितीही रंग मारला तरी ते भगदाड बुजत नाही, फक्त रंगाचे वजन वाढते आणि तो ओघळतो. तुमचे अगदी हेच झाले आहे. म्हणून घासण्याच्या आधी धुवायचे, नंतर नव्हे. आधी घासले तर तेल पॉलिश पेपरच्या ओरखड्यांत खोल दाबले जाते. साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, वाळवा, मग तेल-मेण काढणाऱ्या द्रावकाने एका चिंधीने ओले करा आणि ते उडून जाण्याच्या आत दुसऱ्या कोरड्या चिंधीने टिपून घ्या. एकाच चिंधीने पुसत राहिलात तर तेल इकडून तिकडे फिरते, निघत नाही. रॉकेल वापरू नका, तेही तेलकट पापुद्रा मागे ठेवते. त्याच शेडमध्ये डॅशबोर्ड चमकवण्याचा सिलिकॉनचा फवारा मारत असाल तर तो आजपासून बंद करा.

आता मुदतीविषयी. खंडेनवमीपर्यंत अंतिम रंग देऊ नका. रंगाच्या उद्योगात एक साधा नियम पाळला जातो: पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावे आणि हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर नसावी. श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या पायथ्याशी असे दिवस किती मिळतात, ते तुम्हीच मोजून पाहा. दमट हवेत एनॅमल वाळायला वेळ घेतो, चकाकी मारली जाते आणि चिकट पृष्ठभागावर धूळ बसत राहते. लाकडाचा प्रश्न त्याहून मोठा आहे. आत्ता फळ्या फुगलेल्या आहेत. त्यांवर आत्ता रंग चढवला तर चैत्रात त्या आकसतील आणि प्रत्येक फटीपाशी रंग फाटेल. हौद्याचे काम दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावरच करावे.

मात्र आत्ताचे दिवस वाया घालवण्याचे कारण नाही. पत्रा उघडा करणे, गंज काढणे, ठोकठाक करणे आणि प्रायमर लावणे ही कामे कोरड्या उघडिपीत करता येतील. त्यातही एक पथ्य आहे: सकाळी जेवढा पत्रा उघडा केला तेवढ्यावर संध्याकाळच्या आत प्रायमर बसलाच पाहिजे. पावसाळी हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. साधा रेड ऑक्साइड सच्छिद्र असतो, त्याच्यावर महिनोन्महिने विसंबून राहता येत नाही. दोन महिने गाडी प्रायमरवर ठेवायची असेल तर झिंक फॉस्फेटचा इपॉक्सी प्रायमर घ्या. त्याचा हार्डनर सहसा अमाईन वर्गातला असतो, पीयूच्या हार्डनरमध्ये असते ते आयसोसायनेट हे घातक रसायन नव्हे. तरी डब्यावरचे वाचून खात्री करा, हातमोजे घाला आणि फवारताना वाफांचा मास्क लावा, कारण अमाईनमुळेही त्वचेला त्रास होतो. झिंक क्रोमेट लिहिलेला प्रायमर घेऊ नका. त्यातले क्रोमियम कर्करोगकारक प्रकारातले आहे आणि घासताना त्याची धूळ तुमच्याच नाकात जाईल.

जुना रंग काढताना ग्राइंडर लावून कोरडी धूळ उडवू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. त्या काळच्या पिवळ्या आणि नारिंगी एनॅमलमध्ये लेड क्रोमेट सर्रास असे. आपल्या देशात रंगांतील शिशाला ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) कायदेशीर मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, आणि तीही घरगुती व सजावटीच्या रंगांपुरती. १९६८ पासून चढत गेलेल्या थरांत शिसे आहे असे धरूनच चाला. वॉटर पेपरने पाणी टाकत घासा, खाली प्लॅस्टिक अंथरा, गाळ गोळा करा आणि त्या काळात घरातल्या लहान मुलांना शेडकडे फिरकू देऊ नका. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका.

जुना रंगारी, कोल्हापूर

ताईंनी जो विषय माझ्यासारख्यांसाठी ठेवला त्यावर लिहितो. मी चाळीस वर्षे गाड्या रंगवल्या. शेवटची सहा वर्षे मी गन हातात धरलेली नाही, कारण हार्डनरचा डबा शेजारच्या खोलीत उघडला तरी माझी छाती आवळून येते.

आमच्या गॅरेजात पीयू आला तेव्हा आम्ही सर्वजण आनंदलो होतो. सकाळी मारलेली गाडी दुसऱ्या दिवशी पॉलिशला घेता येत असे. मालकांनी आम्हांला तोंडाला बांधायला सुती फडके दिले होते. पुढे कापडाचे मास्क आले. कुणाला काही जाणवत नव्हते, आणि या पदार्थाचा खरा धोका तोच आहे. थिनरचा वास नाकाला लगेच कळतो. हार्डनरमधील आयसोसायनेटचा वास घातक मात्रेपर्यंत जाणवतही नाही. माझ्या बाबतीत पहिली अनेक वर्षे काहीही झाले नाही. मग एका हिवाळ्यात रात्री दोन-तीनच्या सुमारास खोकल्याची उबळ येऊ लागली. दिवसभर बरे वाटायचे, रात्री त्रास व्हायचा, सुट्टीच्या दिवशी थांबायचा. छातीच्या डॉक्टरांनी कामाविषयी विचारले तेव्हा उलगडा झाला. शरीर एकदा या पदार्थावर उलटले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दम्याचा झटका येतो, आणि उपाय एकच, त्या पदार्थापासून कायमचे दूर राहणे. माझ्या हाताखाली शिकलेल्या दोन मुलांना मी त्याच महिन्यात वेगळ्या कामाला लावले.

भोपाळला १९८४ मध्ये ज्या वायूने माणसे मेली तो याच कुळातला होता. रंगातला पदार्थ वेगळा आहे आणि तितका उडणारा नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो, उगाच घाबरवत नाही. पण गनमधून फवारला की त्याचे धुके होते आणि ते थेट फुप्फुसात जाते. कातडीतून आणि डोळ्यांतूनही तो त्रास देतो. युरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून, ज्या मालात हा पदार्थ ०.१ टक्क्याहून जास्त आहे तो कामात वापरण्याआधी प्रशिक्षण घेणे सक्तीचे झाले आहे. अशा कामासाठी बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा पूर्ण मास्क लागतो. बाजारातला काळ्या डब्यांचा मास्क थिनरसाठी चांगला आहे, परंतु आयसोसायनेटसाठी त्याचा भरवसा नाही, कारण डबी संपल्याचे सांगणारा वासच नसतो. तुमच्या शेडमध्ये ही व्यवस्था होणार नाही. तेव्हा दुकानदारांनी कितीही आग्रह केला तरी 'नको' म्हणा. ते एनॅमलमध्ये चकाकीसाठी थोडे हार्डनर टाकायला सुचवतील. तेही नको. थोडे म्हणजेही तेच.

एनॅमल मारतानाही सेंद्रिय वाफांच्या डब्यांचा आणि कणांची जाळी असलेला रबरी मास्क हवाच, आणि तो चेहऱ्याला चिकटून बसण्यासाठी दाढी केलेली हवी. वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. म्हणून शेडमध्ये चूल, देव्हाऱ्यातला दिवा, बिडी, वेल्डिंग यांपैकी काहीही चालू नको, आणि पंखा लावलात तर ते धुके त्याच्या मोटारीवरून जाणार नाही अशा ठिकाणी लावा. आणखी एक गोष्ट नवखे विसरतात. एनॅमलने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून घरी जाऊ नका. तेल वाळताना उष्णता निर्माण करते आणि दाबून ठेवलेला बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका.

कागदपत्रे, सातारा

थोडक्यात एकच मुद्दा मांडतो. गाडी पुढेमागे रस्त्यावर काढणार असाल, तर नोंदणी पुस्तकात लिहिलेला रंग आणि प्रत्यक्ष रंग जुळतो का ते आधी पाहा. बदल करायचा असल्यास परिवहन कार्यालयाला कळवून त्याची नोंद करून घ्या. जुना लष्करी हिरवा रंग अनेकांना आवडतो, परंतु ऑलिव्ह ग्रीन हा संरक्षण दलांच्या वाहनांसाठी राखीव आहे, खासगी वाहनाला तो नियमाने देता येत नाही.

कृष्णाकाठ, कराड तालुका

तिन्ही उत्तरे मी वडिलांना आणि आजीला वाचून दाखवली. काका, आपल्या आजाराविषयी वाचून वाईट वाटले. आपण ते इतक्या मोकळेपणाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पीयूचा विषय आमच्याकडून संपला. आजींचे म्हणणे असे पडले की देवाला नवा रंगच लागतो असे कुठे लिहिलेले नाही. गाडी स्वच्छ असली की पूजा होते.

थिनरची परीक्षा केली, सुरकुत्या पडल्या, म्हणजे एनॅमलच आहे. मडगार्डच्या एका कोपऱ्यात वॉटर पेपरने पाणी टाकत गोलाकार घासत गेलो, तेव्हा झाडाच्या खोडात दिसावीत तशी वलये उमटली. सर्वांत वर नारिंगी, त्याखाली निळा, मग पुन्हा नारिंगी पण अधिक तांबूस, मग राखाडी प्रायमर, आणि मधोमध चकाकणारा पत्रा. वडील म्हणाले की सर्वांत आतला तांबूस नारिंगी म्हणजे त्यांच्या लहानपणीचा रंग. आम्हांला तोच पुन्हा हवा आहे.

आता नवा पेच असा आहे. काचेच्या वरच्या फळीवर 'पब्लिक कॅरिअर' आणि मागच्या फाळक्यावर आमच्या गावच्या देवीचे नाव, दोन्ही बाजूंना कमळ, अशी अक्षरे आहेत. रंगवणारे पेंटर आता हयात नाहीत. फाळक्याच्या रंगाला पोपडे धरले आहेत, त्यामुळे तो घासण्यावाचून गत्यंतर नाही. ही अक्षरे कशी जपावीत? शिवाय गन कशी धरावी, कॉम्प्रेसर पुरेल का, तेही कुणी तरी सांगावे.

मॅटाडोरवाला, इचलकरंजी

मी व्यवसायाने शिक्षक असून स्वतःची जुनी मॅटाडोर घरच्या अंगणात रंगवली आहे, तेव्हा तुमच्यासारख्याच नवख्याचा अनुभव लिहितो. सुरुवात अक्षरांपासून करतो, कारण रंग चुकला तर पुन्हा मारता येतो, पण अक्षरे एकदा घासली की गेली.

'पब्लिक कॅरिअर' हे शब्द १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातले आहेत. १९८८ च्या कायद्यात ती संज्ञा राहिली नाही, म्हणून ती फळी तुमच्या गाडीचा काळ सांगणारा पुरावाच आहे. फळी सोडवता येत असेल तर तिला हात न लावता तशीच जपा, फक्त धुऊन घ्या. फाळक्यासाठी आधी दिवसाच्या तिरप्या उजेडात समोरून, कॅमेरा फाळक्याच्या मध्याशी समान उंचीवर ठेवून छायाचित्रे घ्या आणि प्रत्येकात मोजपट्टी दिसू द्या. मग ट्रेसिंग पेपरचा सलग ताव मास्किंग टेपने चिकटवून मऊ पेन्सिलीने अक्षरांच्या कडा उतरवा. घाई करू नका. जुन्या पेंटरांची वेलांटी सुरू होताना जाड आणि संपताना बारीक असते, ब्रश कुठे टेकला आणि कुठे उचलला ते नीट पाहिल्यास कळते. अक्षरांची सावली ज्या बाजूला आहे ती वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने उतरवा. तावावर फाळक्याच्या वरच्या आणि डाव्या कडेची रेघ अवश्य मारा, नाही तर नंतर अक्षरे नेमकी कुठे होती ते सापडत नाही. प्रत्येक रंगाचा नमुना म्हणून खपली धरलेला तुकडा पाकिटात ठेवा. नवा रंग पूर्ण वाळल्यावर तावाच्या मागच्या बाजूने खडू घासून तो जागेवर लावला आणि रेषांवरून बोथट पेन्सिल फिरवली की अक्षरे फाळक्यावर उमटतात. पुढचे काम तुमच्या भागात हाताने पाट्या रंगवणारे कुणी उरले असतील तर त्यांच्याकडूनच करून घ्या. गाडी दुसऱ्याकडे सोपवायची नाही हा तुमचा निश्चय मला समजतो, परंतु तो हात वेगळा असतो.

आता कॉम्प्रेसर. २ एचपीच्या यंत्रावर लिहिलेला सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा) आकडा आणि गनला प्रत्यक्ष मिळणारी हवा यांत बराच फरक असतो. कमी दाबावर पण जास्त हवा मागणाऱ्या एचव्हीएलपी गनला तो पुरणार नाही. बोनेटच्या मधोमध आल्यावर दाब पडतो आणि रंगाचे थेंब मोठे होतात. तुमची साधी गन चालेल, पण एकेक भाग वेगळा सोडवून रंगवा: आज बोनेटची एक बाजू, उद्या दुसरी. नॉझल १.४ मिलिमीटरच्या आसपासचे असावे. पाणी अडवणारा फिल्टर मी आधी कॉम्प्रेसरच्या तोंडालाच बसवला होता आणि तरीही रंगात पाण्याचे फुगे येत होते. कारण असे की टाकीतून निघणारी हवा गरम असते आणि पाणी तेव्हा वाफेच्या रूपात फिल्टरमधून निसटते. आठ-दहा मीटर नळीनंतर, हवा थंड झाल्यावर फिल्टर बसवला तेव्हा तो भरू लागला. टाकीच्या तळाची चावी रोज सकाळी उघडून पाणी काढून टाका.

रंग पातळ करताना अंदाजाने थिनर ओतू नका. रंगाचा पातळपणा मोजण्याचा, तळाला छिद्र असलेला फोर्ड कप क्रमांक ४ स्वस्तात मिळतो. तो भरून धार तुटेपर्यंतचा वेळ मोजा आणि २० सेकंदांच्या आसपास आणा. रंग नायलॉनच्या जाळीतून गाळून घ्या. गन पत्र्यापासून वीतभर, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटरवर, कायम काटकोनात ठेवा. आपला हात कोपरातून फिरतो, त्यामुळे गन कमानीत जाते आणि दोन्ही टोकांना रंग पातळ बसतो. मनगट कडक ठेवून संपूर्ण शरीर सरकवा. घोडा पत्र्याच्या बाहेर असतानाच दाबा आणि बाहेर गेल्यावरच सोडा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याचा अर्धा भाग झाकेल असा घ्या. मी सुरुवातीला जुन्या पिंपावर पाण्याने सराव केला, मग रद्दीच्या कागदांवर, मग निकामी दारावर. तीन रविवार गेले, पण एकही सत्कारणी लागल्याशिवाय राहिला नाही.

पहिला हात अगदी झिरझिरीत द्या, खालचा प्रायमर दिसत राहिला तरी चालेल. तो चिकट झाल्यावर, बोट टेकवले तर ठसा उमटेल पण रंग बोटाला येणार नाही अशा वेळी, दुसरा भरीव हात. ती वेळ हुकली तर लगेच तिसरा मारू नका. एनॅमल वरून साय धरतो आणि आत ओला राहतो; अशा अर्धवट थरावर नवा रंग पडला की सुरकुत्या येतात. डब्यावर दिलेली मुदत पूर्ण जाऊ द्या, ६०० नंबरच्या वॉटर पेपरने हलके घासा आणि मग पुढचा हात द्या. ओघळ आला तर ओला असताना बोट लावू नका. आठवडाभर वाळू द्या, लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या पेपरने तेवढाच उंचवटा उतरवा. पुट्टी जिथे लागेल तिथे पातळ लावा. खोल खड्डा पुट्टीने भरण्यापेक्षा पत्रा मागून ठोकून वर आणणे केव्हाही चांगले.

तुमच्या भागासाठी खास सूचना अशी की दिवाळी झाली की लगेच रंग मारायला बसू नका. आधी शेजारच्या शिवारात तोडणी कधी आहे ते विचारून घ्या. माझ्या मॅटाडोरचे टप मी एका सुरेख निरभ्र सकाळी रंगवले आणि तासाभरात कुणी तरी उसाचे पाचट पेटवले. काळी काजळी तरंगत येऊन ओल्या पांढऱ्या रंगावर बसली. ती पुसता येत नाही, पुसली की रेघ ओढली जाते. सगळे टप घासून पुन्हा करावे लागले. दव उडाल्यावर, साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान, वारा सुटण्याच्या आत काम उरका; संध्याकाळी दिव्यावर किडे येतात आणि रंगात अडकतात. शेडची जमीन आदल्या रात्री आणि सकाळी पाण्याने भिजवा, उघड्या बाजूंना ताडपत्री सोडा, पण हवा खेळण्यासाठी समोरासमोरच्या दोन वाटा मोकळ्या ठेवा.

जुना तांबूस नारिंगी जुळवण्यासाठी डॅशबोर्डमधल्या कप्प्याचे झाकण किंवा दाराच्या आतली बाजू अशी उन्हापासून वाचलेली जागा शोधा. दुकानात नेण्याआधी ती रबिंग कंपाउंडने पॉलिश करा, अन्यथा यंत्र खडूसारख्या विटलेल्या थराचाच रंग वाचते आणि तुम्हांला फिका रंग मिळतो. सगळ्या गाडीचा रंग एकाच वेळी, एकाच घाणीचा (बॅचचा) घ्या.

कृष्णाकाठ, कराड तालुका

खंडेनवमी काल झाली, म्हणून कळवतो. बोनेट, दोन्ही मडगार्ड आणि काऊल राखाडी इपॉक्सी प्रायमरमध्ये आहेत. केबिनचा उजवा पत्रा मागून गंजलेला निघाला, तो नवा बसवावा लागेल. जाळीवरचा तारा सोडवून साबणाच्या पाण्याने धुतला आणि पूजेपुरता जागेवर लावला. आजींनी प्रायमरवरच हळदी-कुंकवाची बोटे ओढली, ती मी अजून पुसलेली नाहीत. रंगाआधी धुवावी लागतील हे ताईंच्या उत्तरावरून लक्षात आहे. फाळक्याची अक्षरे दोन तावांवर उतरवून झाली आणि ते ताव पीव्हीसी पाइपात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. झाकण धुऊन, द्रावकाने टिपून पुन्हा रंगवले, या वेळी एकही भगदाड पडले नाही, खालच्या कडेला एक लहान ओघळ मात्र आला.

शेजारच्या दोन शिवारांत तोडणी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे असे कळले. त्याआधी बोनेट आणि मडगार्ड उरकण्याचा विचार आहे, लाकडाचे काम फेब्रुवारीत. उजव्या पत्र्याखालच्या चौकटीत एक उभे लाकूड भुसभुशीत झाले आहे, बाभळीचे घालावे की सागाचेच, यावर कुणी सुतारकामातले जाणकार असतील तर त्यांनी जरूर लिहावे.